रुईचा बोळा

देवराव कुमरेला ट्रॉलीतून उतरवलं तेव्हा त्याचं रक्त थांबलेलं होतं. हे मी सगळ्यात आधी सांगून टाकतो, कारण पुढची बावीस वर्षं मी ते कोणालाही सांगितलं नाही.

डिसेंबरचा महिना, दुपारचे साडेतीन. वणी भागातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. गावाचं नाव सांगत नाही; गावाचा त्यात काही दोष नव्हता. मी पंचवीस वर्षांचा, नुकताच डॉक्टर झालेला, संगमनेरकडून तिकडे नेमणूक होऊन चार महिने झाले होते. ओपीडी आटोपून मी खुर्चीत पाय ताणून बसलो होतो, तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला आणि पाठोपाठ दहा-बारा माणसांचा कालवा.

"सर, जिनिंगातला पेशंट आहे," मेश्राम सिस्टर दारातून म्हणाल्या. "हाताला लागलंय."

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढून रुई करायचा कारखाना. आमच्या केंद्रापासून तो दहा-अकरा किलोमीटरवर होता. कापसाचा हंगाम लागला की तिथून दर आठवड्याला कोणीतरी यायचं. कोणाचं बोट, कोणाचा डोळा.

चौघांनी देवरावला उचलून टेबलावर ठेवलं. तिशीचा, काटक, यंत्रं दुरुस्त करणारा फिटर. चेहरा पांढरा पडला होता, पण शुद्धीवर होता. त्याच्यासोबत एक बाई आत आली, आली म्हणजे येणं भागच होतं, कारण तिने त्याचा उजवा हात कोपराच्या खाली आपल्या दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरला होता. चाळिशीची, उंच, केसांवर आणि भुवयांवर कापसाच्या तंतूंची पूड. जिनिंगात काम करणारी बाई दुरूनही ओळखू येते.

"काय झालं?"

"पट्टी सुटली जी मशीनची, न् हातावर आली," ती म्हणाली. "रगताची चिरकांडीच उडाली. मी रुई भरली न् दाबून धरलं. आता बंद हाये."

"किती वेळ झाला?"

"एक तास तरी झाला असन," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "पंचफुलाबाईनं हात सोडलाच नाई रस्त्यानं. मी म्हनलं, बाई, जरा टेक; तर मलेच वसकन आली."

मी वाकून पाहिलं. तिच्या बोटांच्या फटीतून कापूस दिसत होता. दवाखान्यातला नव्हे, कारखान्यातला, पिवळसर, त्यात पाल्याचा चुरा, सरकीची टरफलं. त्या कापसाची वरची बाजू चक्क कोरडी होती. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. ज्या जखमेतून तासाभरापूर्वी चिरकांडी उडत होती तिच्यावरचा कापूस वरून कोरडा आहे, याचा अर्थ काय, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल. पण माझी नजर त्या टरफलांवर अडकली.

"हे काय कोंबलंय? घाण आहे ही."

"घान नाई जी. रुई हाये. गिरनीतून निघाली तशीच घेतली, गरम होती. सरकीचा कापूस नाई चालत."

"काढा तो हात."

"हात काढतो जी, पन रुई काढू नोका." तिकडच्या बायका स्वतःबद्दल 'करतो, जातो' असंच बोलतात. मी घरी पत्रं लिहिताना त्याच्या नकला करायचो. "रुई तिसऱ्या दिवशी काढाची. कोमट पान्यानं भिजवून, हलक्या हातानं. न् ज्यानं लावली त्यानंच काढाची. मंधात कोनी उघडून पाहाचं नाई. आमच्यात नेम हाये."

"नेम!" मी म्हणालो. "हा नेम कुठल्या मेडिकल कॉलेजात शिकवतात?"

ट्रॅक्टरवाला हसला. त्याच्या मागची दोन माणसंही हसली. आणि मला चेव आला. आता विचार करतो तेव्हा वाटतं, तो माणूस हसला नसता तर कदाचित देवरावचा हात राहिला असता. पण त्याच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळा मी झालो होतो, तो नाही.

"आमच्या जिनिंगात वीस वर्स झाले मले," पंचफुलाबाई म्हणाली. आवाजात अजीजी नव्हती, ती मला समजावून सांगत होती. "तुमचा तो पांढरा कापूस रगत पेते जी. रुई पेत नाई, धरून ठेवते. मी कित्येकाचं पाह्यलं हाये."

"बाई, तुम्ही गिरणीत काम करता. मी डॉक्टर आहे."

"हो जी."

"सर," मेश्राम सिस्टर हळूच म्हणाल्या, "राहू द्या ना तो. वरून पट्टी बांधू, सलाईन लावू आणि पाठवू."

सिस्टरांची नोकरी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. म्हणजे मी जन्मायच्या आधीपासून त्या जखमा बांधत होत्या. आणि त्या म्हणत होत्या ते तर माझ्याच पुस्तकात होतं: रक्त धरलेलं पहिलं ड्रेसिंग काढायचं नाही, लागलं तर त्यावर दुसरं ठेवायचं. तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न आला होता आणि मी ताडकन उत्तर दिलं होतं. पण आता समोर प्रेक्षक होते, आणि गिरणीतल्या बाईने मला धडा दिला असं गावभर होणार होतं.

मी चिमट्यात त्या बोळ्याची कड पकडली आणि ओढली.

बोळा सहज निघाला नाही. तो आतून धरून बसला होता. मी आणखी जोर लावला तेव्हा तो निघाला, आणि त्याच्याबरोबर काळसर, घट्ट गोठलेला थरही आला. क्षणभर जखमेत काहीच झालं नाही. मी म्हणालो सुद्धा, "बघा, काय घाण निघाली." आणि मग रक्त उडालं ते माझ्या हनुवटीवर.

"अवो माय!" पंचफुलाबाई ओरडली.

मी निळ्या कागदातला सरकारी कापसाचा रोल फाडला. शुभ्र, धुतलेला, मऊसूत. तो जखमेवर दाबला. डोळ्यांदेखत लाल झाला आणि बोटांखालून सरकला. दुसरा दाबला. तोही. कापूस तहानलेला असल्यासारखा रक्त पीत होता आणि जखम देत होती. सिस्टर दंडावर दाब देत होत्या. देवराव पाणी मागत होता, मग मागायचाही थांबला.

"मी लावतो जी," पंचफुलाबाईने ओच्यातून मूठभर रुई काढली होती. येताना ती सोबत घेऊन आली होती. "सरका डाक्तर, मी लावतो. थांबते पाहा रगत."

"हिला बाहेर काढा!" मी ओरडलो. "बाहेर काढा म्हणतो ना!"

ट्रॅक्टरवाल्याने तिला दंडाला धरून बाहेर नेलं. ती मूठ तशीच पुढे धरून उलट्या पावलांनी गेली.

मग मी रबरी नळी घेतली आणि देवरावच्या दंडाला आवळली, जीव खाऊन आवळली. रक्त थांबलं. त्याला मोठ्या दवाखान्यात नेणं भाग होतं. आमची जीप कुटुंबनियोजनाच्या शिबिराला गेली होती, म्हणून बाजारातून एक खाजगी जीप आणली. सिस्टर सोबत जाणार होत्या. मी टेबलाशी बसून चिठ्ठी लिहिली.

ती चिठ्ठी मला आजही शब्दशः पाठ आहे. "रुग्णास येथे आणण्यापूर्वी एका अशिक्षित कामगार स्त्रीने जखमेत अस्वच्छ कापूस भरला. त्यामुळे अतिरक्तस्राव झाला आहे." सही, शिक्का. नळी किती वाजता बांधली ते लिहायचं असतं, कारण ती दोन तासांच्या वर ठेवली तर खालचा हात मरायला लागतो. ते मी लिहिलं नाही. विसरलो. स्वतःला वाचवणारी दोन वाक्यं मात्र काना-मात्रेची चूक न करता लिहिली.

सिस्टरांनी चिठ्ठी वाचली.

"सर, असंच लिहायचं?"

"मग कसं लिहायचं?"

"नाही, मी आपलं विचारलं," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

जीप वाटेत पंक्चर झाली. पुढे रेल्वेचं फाटक लागलं आणि कोळशाच्या दोन मालगाड्या जाईपर्यंत उघडलं नाही. सिस्टरांनी नळी सैल केली नाही. मी तसं सांगितलं नव्हतं, आणि सैल केली तर वाटेत माणूस जाईल अशी त्यांना धास्ती. पोहोचायला साडेचार तास लागले. देवराव वाचला. हात गेला, कोपराच्या वरून.

बातमी आली त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो. माणसाचं असंच असतं, आणि मी तर स्वतःशी बरीच वकिली केली होती. कापूस अस्वच्छ होता हे खोटं नव्हतं. अशा कापसाने धनुर्वात होऊ शकतो हेही खोटं नव्हतं. खऱ्या गोष्टी नीट रचून ठेवल्या की त्यांच्या आड एक खोटी गोष्ट छान लपते.

आठ दिवसांनी जिनिंगचा मॅनेजर आला. त्याला चौकशीसाठी चिठ्ठीची नक्कल हवी होती. मी दिली. त्याने ती उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाला, "बरं झालं डॉक्टरसाहेब, लेखी मिळालं. या बायांचे उपद्व्याप बंदच करायचे होते." त्याच आठवड्यात पंचफुलाबाईला कामावरून कमी केलं. जिनिंगच्या फाटकावर पाटी लागली की कोणीही कोणाच्या जखमेवर परस्पर काही लावू नये. पाटीवर माझं नाव नव्हतं, एवढंच.

आणि मग एके सकाळी ती स्वतः आली.

ओपीडीच्या रांगेत नंबर लावून बसली होती. केसांवर तंतू नव्हते, म्हणून मी आधी ओळखलं नाही. तिची पाळी आली तेव्हा मी केसपेपर ओढून विचारलं, "काय होतंय?"

"मले काई नाई होत जी. मी पंचफुला. देवरावसंग आलतो."

मी पेन खाली ठेवलं. बाजूला मेश्राम सिस्टर औषधाच्या पुड्या बांधत होत्या. त्यांचे हात थांबले.

"एक काम होतं तुमच्याकडं," ती म्हणाली. "कामाचं नाई बोलत मी. काम गेलं तर गेलं, शेतात जाईन मी कोनाच्या. पन देवरावची माय, अनुसयाबाई, आमची भिंतीले भिंत हाये. लगन होऊन आलो तवापासून तिनं मले लेकीसारखं पाह्यलं. आता ती दार लावून घेते मले पाहून. म्हनते, माह्या लेकाचा हात तू खाल्ला."

"मग मी काय करू?"

"तुमी एकडाव तिले सांगा. आमी आलो तवा रगत बंद होतं, येवढंच. बाकी काईच नोका सांगू. तुमचं नाव कायले खराब करू मी? रगत बंद होतं, बस्स. तुमी पाह्यलं होतं ना जी?"

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. मला सांगायला लागलं असतं ते फक्त एक वाक्य. अनुसयाबाईचं घर जिनिंगच्या स्टॉपपासून दोन गल्ल्या आत. जाऊन यायला तासही लागला नसता. आणि ही बाई मला पळवाटसुद्धा आखून देत होती: चिमट्याचं सांगू नका, नळीचं सांगू नका, फक्त आलो तेव्हा रक्त बंद होतं एवढं सांगा.

पण ते एक वाक्य सांगितलं की पुढचा प्रश्न कोणीही विचारला असता. मग सुरू कोणी केलं?

"ते वरून बंद दिसत होतं," मी म्हणालो. "आतून चालूच होतं."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या पुड्या पुन्हा बांधायला लागल्या.

मग पंचफुलाबाईने विचारलं, "म्हनजे माह्या रुईनंच गेला का हात?"

इथे मला वाट होती. 'सांगता येत नाही' म्हणता आलं असतं. 'जे झालं ते झालं' म्हणता आलं असतं. डॉक्टरकडे असली वाक्यं गठ्ठ्याने असतात.

"हो," मी म्हणालो.

तिचा चेहरा बदलला. इतका वेळ तिच्यात जे ताठ होतं ते माझ्यासमोर वाकलं. आणि ते पाहून मला वाईट वाटायच्या ऐवजी बळ आलं, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी पुढे बोलत गेलो. "आणि बाई, नीट ऐका. यापुढे कोणाच्या जखमेला हात लावायचा नाही. कापूस, रुई काही भरायचं नाही. स्वच्छ धुतलेलं कापड बांधायचं आणि दवाखान्यात आणायचं. नाहीतर एखादा माणूस मरेल तुमच्या हातून. समजलं?"

"हो जी," ती म्हणाली. उठली, दाराशी जाऊन परत वळली आणि मला हात जोडले. "चुकलं माह्यं."

ती गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "सर, पुढचा पेशंट बोलावू?" त्यानंतर माझी बदली होईपर्यंत त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी पाच महिन्यांत वशिला लावून बदली करून घेतली.

पुढे मी सर्जन झालो, नागपुरात स्थिरावलो. लोक चांगला म्हणतात. विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट फार ओरडून शिकवतो, की धरलेलं ड्रेसिंग ओढू नका. का ओरडतो ते त्यांना ठाऊक नाही.

दोन हजार सोळा साली नागपुरात एक परिषद झाली आणि एका सत्राचा अध्यक्ष म्हणून मला बसवलं. एक तरुण संशोधक मुलगी जखमेवरच्या कापडांबद्दल बोलत होती. तिने पडद्यावर दोन कापूस दाखवले. एक दवाखान्यातला, धुऊन, विरंजन म्हणजे ब्लीच करून त्याच्यावरचा नैसर्गिक मेणाचा थर काढलेला. दुसरा तसाच, न विरंजलेला, फक्त कचरा झाडून निर्जंतुक केलेला. पहिला रक्त शोषून घेतो, ती म्हणाली. दुसऱ्याच्या तंतूवर मेण असतं, त्यामुळे तो पटकन भिजत नाही. रक्त त्याच्या पृष्ठभागावरच राहतं, तंतूला स्पर्श झाल्यावर गोठण्याची क्रिया लवकर सुरू होते, रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, त्या जाळीला धरतात आणि गुठळी तंतूंसकट घट्ट बसते. म्हणून तो काढताना भिजवून, सावकाश काढावा लागतो.

मी अध्यक्ष. मी काहीतरी प्रश्न विचारणं अपेक्षित होतं. मी काहीच न विचारता पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. त्या मुलीने अर्ध्या तासात पडद्यावर जे मांडलं, ते एका बाईने मला ड्रेसिंगच्या टेबलाशी चार वाक्यांत सांगितलं होतं आणि मी तिला कॉलेजचं नाव विचारलं होतं.

पुढच्या रविवारी मी गाडी काढली. बायकोला म्हणालो, जुन्या गावी जाऊन येतो. खरं सांगायचं तर मनातून मी खूश होतो. बावीस वर्षं अंगावर वागवलेलं ओझं आता उतरणार होतं. मी वाटेत मिठाईसुद्धा घेतली.

जिनिंग बंद पडली होती. देवराव लेकाकडे चंद्रपूरला राहायला गेला होता, त्याची माय वारली होती. पंचफुलाबाई मात्र त्याच घरात होती. अंगणात बसून सुपात तूर पाखडत होती. केस आता खरोखरच पांढरे झाले होते.

"कोन?"

"मी डॉक्टर शेटे. दवाखान्यात होतो, चौऱ्याण्णव साली."

तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदर सावरून उठली. "या जी, या. बसा. केवढे बदलून गेले तुमी!" तिने खाटेवर घोंगडी टाकली, पाणी आणलं. मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

"बाई, मी एक सांगायला आलोय," मी म्हणालो, आणि तयारी करून आणलेलं सगळं घडाघडा बोललो. "तुम्ही देवरावला आणलं तेव्हा रक्त बंद होतं. मी पाहिलं होतं. तुमचा कापूस मी ओढून काढला म्हणून ते पुन्हा सुरू झालं. मग मी नळी बांधली, ती जास्त वेळ राहिली, म्हणून हात गेला. चिठ्ठीत मी खोटं लिहिलं. तुम्हाला तोंडावर खोटं सांगितलं."

ती ऐकत होती. एक तुरीचा दाणा तिच्या पदराला चिकटला होता, तो तिने काढून सुपात टाकला.

"म्हनजे माह्या रुईनं हात नाई गेला?"

"नाही. माझ्यामुळे गेला."

"मंग रुई बराबर होती?"

"बरोबर होती. आता मोठमोठे लोक तेच सांगतात. त्यावर अभ्यास झालेत." माझा आवाज मोकळा झाला होता. छातीवरचा दगड निघाल्यासारखं वाटत होतं, आणि मी तिच्या तोंडावर आनंद शोधत होतो.

तिने सूप जवळ ओढलं. मग म्हणाली, "मांडीले लागलं असन तरी चालते का जी रुई?"

मला वाटलं, बाईला विषयात रस आहे. मी शिकवायच्या सुरात आलो. "चालते ना. मांडीची मोठी नस तुटली तर अवघड असतं, पण आत खोलवर भरायची आणि दोन्ही हातांनी दाबून धरायचं, तुम्ही धरलं होतं तसंच. वरून साधं कापड बांधून भागत नाही, ते नुसतं भिजत जातं. आत भरून दाबलं तर मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत माणूस टिकू शकतो. पुष्कळ वाचतात."

"पुष्कळ वाचते?"

"हो."

तिने मान हलवली. पुन्हा हलवली.

"तुमी गेल्यावर सातव्या वर्साले," ती म्हणाली, "आमचे हे बाभूळ तोडत होते वावरात. कुऱ्हाड निसटली न् मांडीवर आली. घरी उचलून आनलं. दिवाळीनंतरचे दिवस होते जी. वेचाई होऊन कापूस घरातच टाकला होता, आढ्यापावतर घर भरून होतं. पाय ठेवाले जागा नव्हती, त्या कापसावरच निजवलं त्यायले."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"शेजारची म्हने, पंचफुले, अवो कापूस भर ना, सरकी काढून देतो तुले. जिनिंगात येवढ्यायले लावला तुनं. मी म्हनलं, नाई. माह्या हातानं मानूस मरन. डाक्तरनं सांगतलं हाये. माह्यं धुतलेलं लुगडं होतं पेटीत, ते बांधलं. ते भिजलं. मंग दुसरं बांधलं. गाडी बोलावाले गेले होते. हे म्हनत होते, तू कायले रडतं, तू तं लोकायचं रगत थांबवतं. मी हात नाई लावला जी कापसाले. चारी बाजूनं कापूस होता, हात नाई लावला."

खाटेवर मिठाईचा पुडा होता. तो उचलून लपवावा कुठे हे मला कळेना.

"गाडी आली?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"आली. पन तवा काम नव्हतं गाडीचं."

ती रडली नाही. माझ्याकडे पाहिलं, तेव्हा दवाखान्यात पाहिलं होतं तितकंच सरळ. रागावलेली नव्हती, हिशेब जुळवत असलेल्या माणसासारखी होती, आणि तो जुळला तेव्हा तिचे ओठ नुसते हलले. मग आवाज आला.

"मंग हे मले तवाच सांगाचं होतं, डाक्तर."